जानराव गार्डाचं विमान

रायपूरजवळच्या चरोद्याच्या रेल्वे यार्डाला लागून जी नवी वस्ती उभी राहिली, तिच्या तिसऱ्या गल्लीत जानराव रंगारींचं घर आहे. रेल्वेतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना गार्डसाहेबच म्हणते. माणूस सडसडीत, उंच. शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. आवाज असा, की पलीकडच्या फलाटावरच्या माणसालाही ऐकू जावा. पण तो आवाज आता वापरायचा कुठे?

छत्तीस वर्षांच्या नोकरीतली अठ्ठावीस त्यांनी मालगाडीच्या शेपटाला काढली. गार्डाचा डबा म्हणजे काय, हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. पुढे कोळशाच्या अठ्ठावन्न वॅगन, त्यांच्या पुढे इंजिन, आणि सगळ्यात मागे हलणाऱ्या पत्र्याच्या खोलीत एकटा माणूस. इंजिनात दोघं असतात, बोलायला सोबत असते. गार्डाला कोण? जानराव येणाऱ्या स्टेशनांची नावं मोठ्याने म्हणत. कुम्हारी, सरोना, उरकुरा, मांढर, तिल्दा. स्टेशनाला ऐकू जावं म्हणून नव्हे, आपला गळा अजून आपल्यापाशी आहे ना, एवढं बघायला.

नोकरीची शेवटची आठ वर्षं ते पॅसेंजरवर होते. तिथे त्यांनी नाव कमावलं ते एका गोष्टीसाठी. सगळे प्रवासी चढलेले आहेत, सिग्नल पडलेला आहे, ड्रायव्हर मागे वळून बघतोय, आणि जानराव घड्याळाकडे बघत उभे. एक मिनिट बाकी असेल तर ते एक मिनिट बाकी असे. "गाडी लेट होईल, पण वेळेच्या आधी सुटणार नाही," ते म्हणत. "धावत येणाऱ्या माणसाचं ते मिनिट आहे. ते मी कसं खाऊ?"

असा हा नियमाचा माणूस. आणि नियमानेच त्यांचा घात केला.

त्यांची बायको चंपाबाई. तीन वर्षांपूर्वी तिच्या पोटात दुखू लागलं. रेल्वेच्या दवाखान्यातून मोठ्या दवाखान्यात पाठवायचं तर डॉक्टरांचा रेफरचा कागद लागतो. कागद दोन दिवसांनी मिळणार होता. मुलगा धम्मपाल बंगलोरहून फोनवर ओरडत होता, "बाबा, टॅक्सी करा अन् नागपूरले घेऊन निघा, कागद मागून येईल!" जानराव म्हणाले, "कागद येऊ दे, मग नेतो." कागद आला. चंपाबाई वाटेतच, राजनांदगावच्या पुढे, वारली.

बारा दिवस धम्मपाल घरी राहिला, पण बापाशी बोलला नाही. जाताना उंबऱ्यात म्हणाला, "तुमचा कागद सांभाळून ठेवा." त्यानंतर फोन आला तर कामाचा. गॅस मिळाला का, पेन्शन आली का. हो, आली. ठेवतो.

मग वीस सालच्या फेब्रुवारीत एक दिवस मोबाइलवर मेसेज आला. "१४ एप्रिलचं तिकीट काढलं तुमचं. जयंतीले इकडे या." खाली विमानाचं तिकीट होतं. रायपूर ते बंगलोर, स्वस्तातल्या कंपनीचं. जानरावांनी तो मेसेज उभ्यानेच चारदा वाचला. पोरानं बोलावलं होतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मार्चात देशाला कुलूप लागलं. विमानं जमिनीवर बसली. धम्मपालचा मेसेज आला: "रद्द झालं. पैसे मागू का तारीख बदलू?" जानरावांनी लिहिलं: "तारीख बदल."

दसऱ्याची तारीख आली. "तिकडून येणाऱ्यांले चौदा दिवस बंद ठेवून राहिले. काय करू?" "तारीख बदल." जानेवारी आला. धम्मपालच्या इमारतीत पेशंट निघाले. "तारीख बदल." पुन्हा एप्रिल आला. त्या एप्रिलचं नावच नको. वस्तीतून रोज एक तिरडी उठत होती. त्यातही मेसेज आलाच: "बदलू का?" "बदल."

आता पाहा, पैसे परत मागितले असते तर मिळालेही असते. पण मग धम्मपालने काय विचारलं असतं? दोन वर्षं बापलेकांमध्ये त्या तिकिटाखेरीज दुसरं बोलणं नव्हतं. तिकीट जिवंत होतं तोवर पोराला महिन्या-दोन महिन्यांनी विचारावं लागत होतं, आणि बापाला उत्तर देता येत होतं. जानराव हे कोणाला बोलले नाहीत. पण "रद्द" हा शब्द त्यांनी एकदाही टाइप केला नाही.

शेवटी कंपनीने कळवलं, की हे तिकीट डिसेंबरअखेर वापरा, नाहीतर बुडेल. धम्मपालने अठरा डिसेंबरची तारीख घेतली. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांचं विमान. ही शेवटची संधी होती. जानरावांनी लसीच्या दोन्ही डोसांची प्रमाणपत्रं छापून आणली, प्लास्टिकच्या पाकिटात घातली आणि उशीखाली ठेवली.

सोळा तारखेला नत्थू चहाला आला. नत्थू म्हणजे यार्डात रुळांचे सांधे बदलणारा जुना पॉइंट्समन, तोंडाचा सैल, मनाचा मोकळा.

"काय गार्डसाहेब, विमानाले हिरवी झेंडी तुमीच दाखवसान काय?"

"तू ये ना सोबत. पायलटले कपलिंग तपासून दे."

"मी नाही बा! वर साखळी ओढली तं उतरीन कुठं?" नत्थू हसला आणि फुर्रकन चहा ओढला. "सगळं पक्कं ना पन?"

"पक्कं आहे. आज मेसेज आला. विमान रीशेड्यूल झालं म्हणते."

"म्हंजे लेट."

"लेटच. आन काय?"

रेल्वेच्या माणसाला हा शब्द पाठ. गाडी रीशेड्यूल झाली म्हणजे दहाची गाडी बारावर गेली, दोनवर गेली. दहाची गाडी कधी आठवर आली आहे? भारतात रूळ पडल्यापासून नाही.

"किती लेट करून राहिले?" नत्थूने विचारलं.

"नवी वेळ पाहाले लिंक दाबा म्हणते. मी काय दाबतो! परवाच त्या शेजारच्या प्रवीणच्या सासऱ्याचं बँकेतलं खातं साफ झालं असंच दाबून. मी तं दहा दहाच धरून चाललो. लेट असंल तर बसू तिथंच."

"लेकाले विचारा ना."

जानरावांनी कप विसळायला घेतले. एवढ्याशा गोष्टीसाठी पोराला फोन करायचा, आणि तो म्हणणार, बाबा, तुमाले एवढंही समजत नाही?

अठरा तारखेला साडेसहाला प्रवीणच्या टॅक्सीतून ते निघाले. प्रवीण शेजारचाच. त्याला पुढे दुसरं भाडं होतं, म्हणून त्याने त्यांना विमानतळाच्या दारात सोडलं, बॅग हातात दिली आणि गाडी वळवली. "निघताना कळवा" असा धम्मपालचा मेसेज आदल्या दिवशी आला होता. पण गार्डाची सवय अशी, की खबर द्यायची ती मुक्कामी पोचल्यावर. त्यांनी कळवलं नाही.

आठ वाजायला दहा मिनिटं होती. दोन तास वीस मिनिटं आधी आलेला माणूस दारात उभा राहिला, शर्टाची वरची गुंडी लावून. आयुष्यात कधी इतकं वेळेवर असल्याचा आनंद झाला नसेल. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं, आतल्या फळ्याकडे पाहिलं, पुन्हा तिकीट पाहिलं.

"बाबूजी, ये फ्लाइट तो गई।"

"कहाँ गई?"

"उड़ गई। सात पच्चीस को।"

"सात पच्चीस?" जानरावांचा आवाज आज बऱ्याच दिवसांनी फलाटावरचा झाला. मागे ट्रॉल्या थांबल्या. "दस दस का टाइम है! टाइम से पहले कैसे छोड़ सकते हैं?"

जवानाने हात करून बाजूची खिडकी दाखवली.

खिडकीत एक मुलगी होती. तोंडावर मास्क, डोळे थकलेले. तिने संगणकात पाहिलं. "अंकल, दो दिन पहले मैसेज गया है आपको। रीशेड्यूल का।"

"गया है," जानराव म्हणाले. आणि तिथेच, त्या खिडकीच्या कट्ट्याला धरून, 'रीशेड्यूल म्हणजे लेट' हा छत्तीस वर्षांच्या नोकरीतला पाठ त्यांच्या हातून निसटला.

आता पोराला फोन करणं आलं. काय सांगायचं? मी, गार्ड रंगारी, गाडी चुकलो? त्यांनी मनात एक वाक्य घोळवलं, दोनदा म्हणून पाहिलं, आणि नंबर लावला.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. "बाबा?" धम्मपालचा आवाज घाबरलेला होता. "तुमचा फोन कसा काय लागून राहिला?"

"अरे धम्मा, काय झालं, आज विमानच नाही सुटलं. मी इथंच आहो, रायपूरले."

"बाबा, ते विमान आता वरंगलच्या वर आहे."

"तुले कसं माहीत?"

"मोबाइलवर दिसते. सकाळी तुमचा मेसेज नाही आला म्हणून पाहिलं, तं ते उडून गेलेलं. मले वाटलं वेळ बदलल्याचा मेसेज तुमच्याच नंबरवर आला असन, तुमी आत आहात, फोन बंद केला असन. तेव्हापासून पाहूनच राहिलो ना मी. कांकेर आलं, मग इंद्रावती ओलांडली..." तो थांबला. "मी एअरपोर्टवर निघालो होतो. चावी हातात आहे माझ्या."

एका रिकाम्या खुर्चीमागे पोरगं गावंच्या गावं मोजत आलं होतं.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले. "मेसेज आला होता. मले वाटलं रीशेड्यूल म्हंजे लेट. वेळेच्या आधी सुटते काय रे कोणती गाडी?"

"गाडी नाही सुटत, बाबा. विमान सुटते."

तो हसला नाही, रागावलाही नाही. आत खिडकीतल्या मुलीने कट्ट्यावर बोटं वाजवली. "अंकल, टाइम हमने बदला है, तो चार्ज कुछ नहीं लगेगा, डेट जनवरी की भी मिल जाएगी। नई डेट दे दूँ या कैंसल करूँ?"

जानरावांनी फोन कानाला तसाच धरून तिला विचारलं, "बेटी, नाम बदल सकता है? रेलवे में बाप की टिकट बेटे के नाम हो जाती है। एक अर्जी देनी पड़ती है।"

"नाम चेंज नहीं होता अंकल, हवाई जहाज़ में।"

"बाबा," फोनमधून आवाज आला, "कोणाचं नाव टाकून राहिले तुमी?"

"तुझं. बंगलोर ते रायपूर करून दे म्हणणार होतो. म्हटलं, पोरगं एकदा घरी..." पुढचं वाक्य त्यांना येईना. मग दुसरंच आलं, तीन वर्षं अडकून पडलेलं. "धम्मा, तुह्या मायले मी थांबवलं. टॅक्सी दारात बोलावू शकत होतो. मी कागदाची वाट पाहत बसलो. लोकं म्हणतात तिची वेळ भरली होती. नव्हती भरली रे."

मागे कुठल्याशा विमानाची घोषणा झाली, हिंदीत, मग इंग्रजीत.

"मले माहीत आहे, बाबा," धम्मपाल म्हणाला. त्याचा आवाज माफीचा नव्हता. माफी द्यायला माणसाला वेळ लागतो. "तुमी येऊ नका आता. मीच येतो. सव्वीस जानेवारीले जोडून सुट्टी टाकतो."

"नक्की?"

"पाहतो ना. येतो."

पाहतो आणि येतो. जानरावांनी दोन्ही शब्द ऐकले, आणि दुसरा धरला. जानेवारीत काय वाढून ठेवलं आहे, हे त्या सकाळी कोणालाच ठाऊक नव्हतं. टीव्हीवर विषाणूच्या नव्या रूपाचं नाव यायला लागलं होतं, एवढंच. नवी तारीख घेतली असती तर हातात निदान तिकीट राहिलं असतं. आणखी महिनाभर पोराने विचारलं असतं, बदलू का? पण दोघांनी दोन्हीकडून वाट पाहायची, हे त्यांना आता झेपणारं नव्हतं.

"कैंसल कर दो," ते मुलीला म्हणाले.

"पक्का अंकल? फिर वापस नहीं होगा।"

"पक्का. रद्द."

दोन वर्षांत पहिल्यांदा तो शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडला. मुलीने कळा दाबल्या. मग मान वर करून म्हणाली, "रीज़न भरना पड़ता है। क्या लिखूँ?"

जानरावांनी फोन बंद करून खिशात ठेवला होता. बाहेर टॅक्स्या लागल्या होत्या, त्यांत प्रवीणची नव्हती. चरोद्यापर्यंत जायला बस कुठून मिळते, हेही त्यांना विचारायचं होतं. पण आधी त्यांनी आपल्या त्या जुन्या, लांब जाणाऱ्या आवाजात सांगितलं:

"लिखो, लड़का घर आ रहा है।"

मुलीच्या यादीत तसं कारण नव्हतं. तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि 'अन्य' वर बोट ठेवलं.