गोणपाटाची शिरोरेघ

गोणपाटाचं अक्षर पाहिलं की माझं डोकं फिरायचं. कुंचल्याचे केस विस्कटलेले, रंग अर्धा लागलेला, अर्धा नुसताच ओढत नेलेला. त्यात हा डावखुरा माणूस शिरोरेघ चक्क उजवीकडून डावीकडे ओढायचा. उजवं टोक रंगाने माखलेलं, डावं सुकून फिसकटलेलं. गोणपाट हे नाव मीच ठेवलं होतं. चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांवर व्यापाऱ्यांची नावं रंगवण्यात त्याची उमर गेलेली. गोणीवर कुंचला अडतो, घासावा लागतो. पिंपरीला आमच्या कारखान्यात पेंटर म्हणून लागला, तर गुळगुळीत पत्राही तो गोणीसारखाच घासू लागला.

मी ड्रॉइंग ऑफिसात होतो. पुण्याला जाऊन अक्षरलेखन शिकलो होतो. पेन्सिलीने आखल्याशिवाय रंगाचा डबा उघडत नसे. तो येण्याआधी सगळ्या पाट्या मीच करायचो. एकदा त्याला माझी पट्टी देऊ केली, तर म्हणाला, "पट्टीनं रेघ मरती, राव."

सगळ्यात राग याचा, की लोक त्याचंच वाचत. रंगाच्या गोदामाबाहेर माझी 'विडी ओढू नये' अशी देखणी पाटी होती आणि कामगार तिच्याच खाली उभे राहून विड्या ओढत. गोणपाटाने तेच तीन शब्द भिंतीवर फराटले आणि माणसं लांबूनच विडी विझवू लागली. साहेबांनी सगळ्या पाट्या त्याच्याकडे दिल्या. पुढे वर्षभर मी त्याच्याशी धड बोललो नाही.

मग एका सकाळी रस्त्याकडच्या भिंतीवर हातभर अक्षरं दिसली: 'जेवणाची सुट्टी पुरी द्या'. साहेबांनी आम्हा दोघांना तिथे बोलावलं आणि मला विचारलं, हे अक्षर कुणाचं? ज्याचं असेल तो आजच घरी जाईल, असंही सांगितलं. सगळ्या रेघांची डावी टोकं सुकी होती. मी नुसतं नाव घेतलं असतं, तर पाट्या परत माझ्याकडे आल्या असत्या. गोणपाट मान खाली घालून नखातला रंग खरवडत होता. का कोण जाणे, मी खोटं बोललो. म्हणालो, "याचं नाही, साहेब. कुणीतरी याची नक्कल केलीय."

साहेबांना ते पटलंही होतं. तेवढ्यात गोणपाटाने मान वर केली.

"नक्कल न्हाई, साहेब. मीच लिवलंय. हे दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाई."

तासाभरात तो फाटकाबाहेर होता. जाताना माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच त्याचा अपमान केला होता. मूर्ख माणूस. जन्मात एकदा त्याच्यासाठी खोटं बोललो, तेही त्याला ठेवून घेता आलं नाही.

भिंतीला चुना फासला. साहेब मला म्हणाले, आता तिथे 'येथे लिहिण्यास मनाई आहे' असं लिहा. पण त्याच्यासारखं लिहा, म्हणजे लोक वाचतील. मी कुंचला सुकवून घेतला. रेघ उजवीकडून ओढली, मग डाव्या हाताने ओढून पाहिली. तीनदा चुना मारून पुन्हा लिहिलं. नाही जमलं. तिथेच भिंतीकडे तोंड करून मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. शिव्या देता देता चौथ्यांदा चुना मारायला घेतला, आणि त्याचाही मला रागच आला.