मावसभावाचे अडीच इंच

हिंगोलीकडच्या आमच्या सबंध गोरेगावात वयाच्या चौतिसाव्या वर्षी उंच झालेला माणूस एकच, आणि तो माझा मावसभाऊ, दादा. त्याआधी तो पाच फूट एक इंच होता आणि हे सोडून जगातल्या कुठल्याही मापावर त्याचा विश्वास होता. कापडाचं दुकान असल्यामुळे हातात सदा गज. गल्ल्यामागची जमीन त्यानं फळ्या टाकून वीतभर उचलून घेतली होती. त्यामुळे दुकानात तो धिप्पाड वाटे आणि रस्त्यावर भेटला की गिऱ्हाईकं ओळखत नसत. "तुमचे मोठे भाऊ दिसून न्हाई राहिले?" असं कुणी विचारलं की हा शांतपणे म्हणायचा, "जेवायला गेले." नव्वदच्या दशकातल्या माझ्या लग्नाच्या फोटोत सगळ्यांत उंच हाच आहे, कारण तो उलट्या पातेल्यावर उभा होता. पातेलं पिचलं आणि माझ्या सासरी पहिला टोमणा मला त्यापायी ऐकावा लागला, ते वेगळंच.

पुढे एका स्थळाच्या वेळी त्याला मुलीशेजारी उभं केलं आणि तिची आत्या तोंडाला पदर लावून हसली. महिनाभरानं दादा शहरातल्या इस्पितळातून, उंची वाढवायला म्हणून, दोन्ही नडग्यांची हाडं कापून घेऊन, त्यांभोवती लोखंडी कड्या बसवून, हिंगोलीला माझ्या दारात उतरला. मावशीला सांगितलं होतं की सेनगावच्या जीपला अपघात झाला. तिचे डोळे तोवर गेले होते, म्हणून हे खोटं खपलं. ते खोटं बोलणारी मीच, आणि दिवसातून चार वेळा पाना घेऊन कड्यांचे नट पाव फेरा फिरवणारीही मीच. नट फिरला की टिक् व्हायचं. मग दादा घामाघूम चेहऱ्यानं म्हणायचा, "आईक, हाड येऊन राहिलं." मी चिडून म्हणायची, "गप बैस, हाड काय मोड आलेली मटकी हाय?" पण दोन महिन्यांनी अडीच इंच भरून पाना ठेवून दिला तरी भाजी चिरताना मला मागून ते टिक् ऐकू यायचं. वळून पाहिलं तर दादा झोपलेला असायचा.

त्याला भीती होती ती एकाच गोष्टीची. लहानपणी तो मरता मरता वाचला, तेव्हा मावशीनं त्याला डोक्यापासून टाचेपर्यंत कच्च्या सुतानं मोजून तो दोरा देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवला होता. पोरगं वाढेल तसा दोरा बदलायचा. माणसाला दोरा अपुरा पडला तर आयुष्यही अपुरं पडतं, अशी तिची पक्की समजूत. शेवटचा दोरा त्याच्या अठराव्या वर्षीचा होता. आठ महिन्यांनी तो घरी गेला आणि मावशी नेहमीच्या सवयीनं गालाला हात लावायला गेली, तो हनुवटीला लागला. ती हात मागे घेऊन म्हणाली, "ह्यो कोन?" दादानं मुकाट्यानं गुडघे वाकवले. हात गालावर आला. "हां, आता आलास."

तेव्हापासून ज्या उंचीसाठी एवढ्या यातना सोसल्या ती तो रोज तिच्या उंबऱ्याबाहेर ठेवून आत जायचा. चार वर्षं. मला हसू यायचं आणि रडूही यायचं. कधी मी एकटीच भेटायला गेले तर मावशी म्हणायची, "हळू ये माय, उंबऱ्यात दादा बसलाय तुझा. पाय लागंल." दादा तर त्या वेळी दुकानात असायचा. "कोन गं मावशी?" विचारलं तर म्हणायची, "बारका. रोज येऊन बसते. बोलत न्हाई काही." मी त्या उंबऱ्यावरून लांब ढांग टाकून जायची. दिवसाउजेडी अंगावर काटा यायचा.

मावशी गेली. तेराव्यानंतर आम्ही दोघांनी डबी उघडली. दोरा पिवळा पडला होता, पण एके ठिकाणी दोन गाठी होत्या आणि मध्ये नव्या पांढऱ्या सुताचा तुकडा. दादानं गज आणला. तुकडा अडीच इंच भरला. मग त्यानं एक टोक डोक्यावर धरलं, मी दुसरं टाचेशी, आणि पांढरा तुकडा बरोबर नडगीवरच्या वणावर येऊन थांबला. मी देवाशपथ कुणाला सांगितलं नव्हतं.

"मायनं मोजलं कवा गं?" दादा म्हणाला. त्या खोलीत तो चार वर्षांत पहिल्यांदा ताठ उभा होता आणि लहान लेकरासारखा रडत होता. मी उंबऱ्याकडे पाहिलं. तिथं कुणी बसलेलं नाही, हे आज मला कळत होतं. आणि खरं सांगते, मला त्या ठेंगण्याची फार आठवण आली.