मावशींचा कागद आणि पिवळं जिलेटिन

लोणावळ्याच्या गायकवाड भाऊंचं नाव आधी घेतो. ते कॅमेरे दुरुस्त करतात. तिथल्या दमट हवेत लेन्सला बुरशी लवकर धरते, त्यामुळे त्यांचं टेबल कधी रिकामं नसतं. मी देगलूरकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. इकडे माझं कुणी नाही. त्या दिवशी भाऊंनी फोन उचलला नसता तर काय झालं असतं, याचा विचार अजून नको वाटतो.

वडगावात तहसील कचेरीजवळच्या फोटो स्टुडिओत मी कामाला आहे. तिकोणा पेठेच्या वरच्या वाडीतून एक मावशी आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांच्या सासऱ्यांचा शाळेचा दाखला होता. नातीला नर्सिंगला जायचं होतं. त्यासाठी जातीचं प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्रासाठी घरातला जुना पुरावा. शाळेत रजिस्टरं ढीगभर. कारकून म्हणाला होता, "साल आणि नंबर सांगा, मग पान काढतो." दाखल्यावर दोन्ही होतं, पण छपरातून पाणी गळून शाई धुऊन गेलेली. नंबरातला पहिला दोन तेवढा दिसत होता.

"परवा शेवटची तारीख हाय कागद द्यायची," मावशी म्हणाल्या. "फोटूत तरी दिसंल का रं लेकरा?"

आमचे शेठ मागून म्हणाले, "फोटोशॉपमध्ये गडद कर. नाहीच दिसलं तर अंदाजानं टाक."

"अंदाजानं कसं, शेठ? चुकलं तर पोरीचं वर्ष जाईल."

"मग बस दिवा लावून!"

बसलो. नोटा तपासायचा जांभळा दिवा दुकानात होताच. त्यातून अतिनील किरणं येतात, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. तो पडला की जुना कागद फिकट चमकतो आणि शाई होती तेवढी जागा काळी राहते, असं ऐकलं होतं. दुकानाचं शटर ओढलं, ट्यूब बंद केली, कॅमेरा स्टँडवर चढवला. आणि शहाणपणा केला. आम्ही लग्नाचे फोटोग्राफर लेन्सवर ओरखडा पडू नये म्हणून पुढे काचेचा यूव्ही फिल्टर लावून ठेवतो. तो हीच किरणं अडवतो, म्हणून मी काढून टाकला.

दहा फोटो काढले. दहाही नुसते जांभळे. मावशी बाकावर बसून होत्या, पाणीसुद्धा घेईनात. एवढ्या उजेडानं शाई आणखी फिकी पडली तर?

भाऊंना फोन लावला.

"फिल्टर का काढलास?"

"किरणं आत यावीत म्हणून."

"अरे, आत सेन्सरवर काच असते, ती त्यांना अडवते. उरलेली लेन्सच्या काचा खातात. डिजिटल कॅमेरा त्या किरणांना जवळजवळ आंधळाच. रोज उघडून बघतो मी."

"मग जांभळं काय येतंय?"

"स्वस्तातला दिवा, साधा जांभळा उजेडही टाकतो. तुला किरणांचा फोटो नकोय बाळा, कागदाच्या चमकेचा हवाय. फिल्टर परत लाव. हळदीच्या लाइटला लावता ना, तो पिवळा पारदर्शक जिलेटिन कागद लेन्सपुढे धर, म्हणजे जांभळा उजेड अडेल. पाच सेकंदांचा फोटो घे. आणि दिवा तेवढ्यापुरताच लाव."

धरलं. पाच मोजले. स्क्रीनवर फोटो मोठा करून पाहिला. नंबर दिसत होता, सालही होतं.

"आलं का रं?"

"आलं, मावशी. दोनशे सत्तेचाळीस."

मावशींना अक्षरओळख नाही. "दोनशे सत्तेचाळीस, दोनशे सत्तेचाळीस," असं पुटपुटतच त्या पायऱ्या उतरल्या. फोटोची प्रिंट माझ्याच हातात राहिली. ती द्यायला मी मागे पळालो.

दुसऱ्या दिवशी कारकुनानं ते पान काढलं. सासऱ्यांचं नाव होतं, पुढे जात होती. नात आता नर्सिंग शिकते.

अडवणारी काच काढण्याआधी, ती जे अडवते ते आपल्याला खरंच हवंय का हे विचारावं, एवढं मी शिकलो.

भाऊंची नजर आता मंदावलीय. बारीक स्क्रू चिमट्यातून निसटतात, मग ते टेबल चाचपत बसतात. ज्या दिवशी त्यांना स्क्रू दिसेनासा होईल, त्या दिवशी मी लोणावळ्याला जाऊन त्यांच्या शेजारी बसेन. ते सांगतील, मी बघेन.