रिकाम्या टोपलीचा लिलाव

सुलतानपूरच्या स्टँडवर जालन्याकडे जाणारी एसटी उभी होती, माझी बॅग आत चढली होती, आणि बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना करत होते. आमच्या घरचा हा नेमच. कुणी मेहकरला डोळे तपासायला निघालं तरी बाबा त्याला दारात थांबवून प्रार्थना करणार; मी तर इंग्लंडला निघाले होते. त्या मानाने प्रार्थनाही लांबली. गाडीचा ड्रायव्हर, विमानाचा पायलट, लीड्सच्या केअर होममधली मी कधी न पाहिलेली म्हातारी माणसं, सगळ्यांना बाबांनी देवाच्या हाती सोपवलं. खिडक्यांतून बायका टकामका बघत होत्या. आमची शेजारीण कमलमावशी डोक्यावर पदर घेऊन बाजूला उभी होती. ती बौद्ध, पण बाबा प्रार्थनेला उभे राहिले की ती हातातलं काम थांबवते, हे मी लहानपणापासून बघत आले.

प्रार्थना संपली आणि बाबा थांबले. शेवटचं ‘आमेन’ जाणाऱ्याने म्हणायचं, हा नेमाचा दुसरा भाग. त्याशिवाय प्रार्थना पुरी झाली असं बाबा मानतच नाहीत. मी ओठ घट्ट मिटून उभी. बाबा वाट बघताहेत, गाडी वाट बघतेय, मी काही बोलत नाही. शेवटी दारात लोंबकळणारा कंडक्टरच ‘आमेन’ म्हणाला आणि त्याने घंटी मारली. सगळे हसले, बाबाही हसले. मी तेवढी हसले नाही. खिडकीतून हात हलवताना दिसलं की बाबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं आणि डोळे मात्र भरले होते.

हे लिहितेय ते गावातल्या तुम्हा सगळ्यांसाठी, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांच्यासाठीही. त्या दिवशी मी आमेन का म्हटलं नाही, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत होतं. कुणी विचारलं नाही, हे तुमचे उपकार.

आमची मंडळी म्हणजे मोजकी घरं. गाव आम्हाला ‘चर्चवाले’ म्हणतं, लग्नाकार्याला बोलावतं, आणि नाताळला करंज्यांची वाट बघतं. आमचा खरा मोठा सण मात्र नाताळ नव्हे, हंगामाचा. सोयाबीन निघालं, तुरीला शेंगा धरल्या की एका रविवारी प्रत्येक घराने आपलं पहिलं पीक चर्चमध्ये आणायचं. त्याआधी घरात कुणी ते चाखायचंही नाही. ‘देवाच्या आधी तोंड लावायचं नाही’, असं माय म्हणायची. परसातल्या वांग्यांवर तिचा असा पहारा असायचा की मांजरसुद्धा तिकडून जाताना दबकून जाई. उपासना झाली की अंगणात त्या सगळ्या मालाचा लिलाव, आणि त्याला सगळा गाव लोटायचा. गंमत अशी की घेतलेली वस्तू तुम्ही परत देऊ शकता; मग तिची पुन्हा बोली लागते. एकच कोहळं चार घरांनी विकत घेऊन शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांच्या स्वयंपाकघरात गेलेलं मी पाहिलंय. मायची वांगी दरवर्षी कमलमावशीच घ्यायची. वर्षभर तीच वांगी भिंतीवरून फुकट मिळत असूनही. म्हणायची, एक दिवस तरी विकत घेऊ दे.

मग एका सोयाबीनच्या हंगामात माय गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. सगळ्या मंडळीने गुडघे टेकले, मीही टेकले. इतक्या कळकळीने मी आयुष्यात काही मागितलं नव्हतं. ती गेल्यावर लोक भेटायला येत आणि देवाची मर्जी म्हणून जात. चहाचे कप विसळताना मला वाटायचं, ही असली मर्जी असेल तर मला त्याच्याशी बोलायचंच नाही.

काही आठवड्यांनी हंगामाचा रविवार आला. परसात तण माजलं होतं. बाबांनी मायची टोपली खुंटीवरून काढली, झटकली, आणि तशीच रिकामी घेऊन निघाले. मला वाटलं, विसरले. पण चर्चमध्ये सगळ्यांच्या भोपळ्या-काकड्यांच्या रांगेत त्यांनी ती ठेवली, नीट सरळ केली, आणि जागेवर येऊन बसले. मला मनातून फार बरं वाटलं. म्हटलं, बाबांनी बरोब्बर जाब विचारला. घेतलंस ना? घे मग, हे बघ काय उरलंय.

आणि मग साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते ज्याने त्याने सांगायच्या वेळी, बाबा उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, ‘देव चांगला हाय.’ एवढंच म्हणून बसले.

माझा तोल गेला. रिकामी टोपली तरी ठेवा, नाही तर देव चांगला तरी म्हणा. दोन्ही एकदम कसं? मी उठून बाहेर आले आणि निंबाखाली उभी राहिले. त्यामुळे लिलाव मी तिथूनच पाहिला. लिलाव पुकारणारे दानिएलकाका एकेक वस्तू उचलत टोपलीपाशी आले आणि अडले. उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. रिकाम्या टोपलीची बोली कशी पुकारायची हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा मागून कमलमावशीचा आवाज आला, ‘बोला ना भाऊ. दरसालची माहीच बोली असते.’

तिने टोपली घेतली, क्षणभर छातीशी धरली आणि परत दिली. मग दुसऱ्या कुणी घेतली, परत दिली. मग तिसऱ्याने. आमच्या मंडळीतलं एकही घर असं राहिलं नाही, की ज्याने ती रिकामी टोपली थोडा वेळ हातात धरली नाही. कुणी तिच्यात काही टाकलं नाही. शेवटी ती कमलमावशीकडेच राहिली. मी हे सगळं पाहत होते आणि माझा राग तसूभरही कमी होत नव्हता. त्या दिवसापासून देवाशी माझं बोलणं बंद. रुसवा नव्हे, रुसलेलं माणूस निदान कुणी समजूत काढेल म्हणून कानोसा घेतं. मी कानच बंद केले.

लीड्समध्ये ते सोपं गेलं. इथे रविवारी कुणी हाक मारायला येत नाही, आणि कुणी आलंच तर ड्युट्यांचा रोटा दाखवायचा. शिफ्ट म्हटलं की सगळं माफ. मी म्हाताऱ्यांना उठवते, धुते, भरवते, त्यांच्या कार्डिगनची बटणं लावते. काम आवडतं. गावी पहाटे शेणाचा आणि चुलीचा वास असायचा. इथे टोस्टचा आणि सॅनिटायझरचा. गावी दार लोटलेलं असलं की आत या असा अर्थ. इथे दार लोटलेलं दिसलं तर रिपोर्ट लिहावा लागतो.

अडचण झाली ती भाषेची, आणि ती इंग्रजीची नव्हे. इथल्या मराठी मंडळात बहुतेक पुण्याकडचे. पहिल्याच भेटीत मी ‘मले नाही लागत चहा’ म्हणाले आणि एक ताई इतक्या गोड हसल्या, की मी त्यानंतर त्यांच्यासमोर कायम ‘मला’च म्हणत आले. तेव्हा कामावर इंग्रजी, मंडळात पुणेरी, आणि वऱ्हाडी फक्त फोनवर बाबांशी. पूर्वी आणखी एकाशी मी वऱ्हाडीत बोलायची, तेही दिवसातून कितीदा तरी. ते बंद झाल्यावर माझी निम्मी भाषाच पडून राहिली. मुक्या बाईसारखं वाटायचं, आणि ते कुणाला सांगायचं तर कोणत्या भाषेत?

यंदाच्या सप्टेंबरात होममधल्या डोरोथीला चर्चला नेण्याचं काम माझ्याकडे आलं. डोरोथीला फार आठवत नाही. ती मला रोज नव्याने भेटते आणि रोज ‘लव्ह’ म्हणते. तिला व्हीलचेअरवर घेऊन गेले तर तिथे हार्वेस्ट संडे, म्हणजे त्यांचा हंगामाचा रविवार. समोर टेबल, आणि टेबलावर टिनच टिन: बीन्स, सूप, टूना. सगळं गरजूंसाठीच्या फूड बँकेत जाणारं, चांगलं काम. पण मला हसू आलं. इथे देवाच्या आधी तोंड लावायची भीतीच नाही. डबा उघडायला आधी ओपनर शोधावा लागेल.

लोक रांगेने पुढे जाऊन एकेक टिन ठेवत होते. आम्ही टेबलापाशी पोचलो आणि डोरोथीच्या एकदम लक्षात आलं की आपण काहीच आणलं नाही. तिने पर्स उघडली, चाचपली, पुन्हा उघडली. मग माझ्याकडे वळून विचारू लागली, मी काही आणलं नाही का? मी काहीच कसं आणलं नाही? हुंदके यायला लागले. मी तिला परत न्यायला खुर्ची वळवणार, तेवढ्यात तिथल्या पाळकीणबाई खाली आल्या. त्यांनी डोरोथीचे दोन्ही हात धरले, तसेच रिकामे टेबलावर टिनांच्या मधे ठेवले, आणि म्हणाल्या, एवढं पुरे आहे, डोरोथी. देव हेही घेतो.

मी मागे खुर्चीच्या मुठी धरून उभी होते. काय झालं ते नीट सांगता येत नाही. कितीतरी दिवस बंद असलेला नळ कसा आधी फुसफुसतो, मग गढूळ पाणी फेकतो, तसं काहीतरी. मनातल्या मनात, पण अस्सल वऱ्हाडीत, मी त्याच्यावर तुटून पडले. ‘मायले काऊन नेलं? आम्ही सारे मांगून राह्यलो होतो तं तुले ऐकू नाही आलं? बाबाची भाकर कोण करन? तू चांगला आहेस ना, मंग असं काऊन केलं?’ किती वेळ भांडले कोण जाणे. लोक गात होते. उत्तर काही आलं नाही. पण उत्तर देणारा कुणी समोर नाही, असंही एकदाही वाटलं नाही.

दुपारी बाबांना फोन लावला. तिकडे दिवेलागण झाली होती. मी म्हटलं, ‘बाबा, मी आज देवासंगं लय भांडली.’

म्हणाले, ‘हाव? मंग बोलणं सुरू झालं म्हण की.’

मी रडायला लागले. आणि इतकी वर्षं गिळलेला तो प्रश्न विचारून टाकला, की त्या दिवशी टोपली रिकामी आणि वर देव चांगला, हे दोन्ही एकदम कसं केलं. बाबा शाळा-कॉलेजात फार गेले नाहीत आणि उपदेश करायला त्यांना आवडत नाही. ते अडखळत बोलले. म्हणाले, देव चांगला आहे हे परसातल्या वांग्यांवरून ठरवलं असतं, तर दर हंगामाला देव बदलावा लागला असता. ज्याच्यापासून चांगल्याची आस नाही त्याच्याशी कुणी भांडत नाही. आपण भांडतो, कारण तो चांगला आहे हे आपल्याला आतून ठाऊक असतं. मग आवाज बारीक झाला.

‘ज्यानं आपलं सोताचं लेकरू क्रुसावर मरतानी पाह्यलं, रिबा, त्याले भरली टोपली कायले दाखवू मी? त्याले रिकामी टोपली समजते. म्हणून तं तो चांगला.’

समजलं असं म्हणणं खोटं होईल. माय गेली ती गेलीच, आणि त्याचं कारण मला आजही ठाऊक नाही. पण देव भरल्या टोपल्यांचंच गिऱ्हाईक आहे असं मी समजून चालले होते, ते चूक होतं एवढं कळलं. मग बाबांनी विचारलं, प्रार्थना करू का? आणि फोनवरच सुरू केली. डोरोथीचं नाव त्यांनी दोनदा चुकीचं घेतलं. प्रार्थना संपली, ते थांबले, आणि मी आमेन म्हटलं.

फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, ‘चला, त्या कंडक्टरची सुटी झाली.’

घर म्हणजे काय, हे इथे आल्यापासून बरेच जण विचारतात. मंडळाच्या स्नेहसंमेलनात तर त्यावर भाषणंही होतात. पूर्वी मी म्हणायची, मायचं परस. ते आता नाही. हल्ली मला वाटतं, जिथे रिकाम्या हातांनी गेलं तरी कुणी मागे वळवत नाही, ते घर. मग ते सुलतानपूरजवळच्या त्या अंगणात असो की लीड्सच्या त्या टेबलापाशी. आणि जिथे ‘मले’ म्हटलेलं चालतं. परवा मंडळात मी मुद्दाम म्हणाले. ताई हसल्या, मीही हसले, आणि मस्तपैकी ‘नाही लागत’ म्हणून चहा नाकारला.

गेल्या रविवारी गावी हंगामाचा सण झाला. बाबा त्यातलं काही सांगणार नाहीत, म्हणून कमलमावशीने फोन करून सगळं सांगितलं. बाबांनी तिच्याकडून ती टोपली दरवर्षीसारखी मागून नेली. यंदाही रिकामीच. समोर ठेवली, नीट सरळ केली. लिलावाच्या वेळी दानिएलकाका आता सरावले होते. त्यांनी टोपली उचलून विचारलं, ‘बोला भाऊ, काय आणलं औंदा?’

बाबा उभे राहिले. म्हणाले, ‘पोरीचं आमेन आणलं. पहिलं पीक हाय.’ दानिएलकाका बोली पुकारणार तोच बाबांनी पुढे होऊन टोपली त्यांच्या हातातून काढून घेतली. ‘हे इकाचं नाही,’ म्हणाले, आणि ती घरी नेऊन मायच्या खुंटीला टांगली.