कोल्डरूममधला आडवा डिस्ट्रिब्युटर

माले गावातलं जरबेराचं पॉलिहाऊस चालवायची नलिनी. फुलं काढणं, बादल्यांत उभी करणं, टेम्पो भरणं, सगळं तिच्याच अंगावर. तिचा नवरा मनीष फक्त अक्कल पुरवायचा, आणि ती त्याच्याकडे उतू जात होती.

मारुंजीतल्या बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या कारखान्यातून जुनी कोल्डरूम त्यानंच आणली आणि बसवणाऱ्यांच्या उरावर उभं राहून बसवून घेतली. तेव्हापासून आतली कॉइल खाली बर्फानं पांढरीफटक आणि वर कोरडी ठणठणीत. खोली गार व्हायचीच नाही. फुलं माना टाकायची.

"गॅस कमी हाय," मनीषनं मेकॅनिकला दारातच सांगितलं. मेकॅनिकनं मान डोलावली, गॅस भरला आणि गेला. खालचा बर्फ आणखी जाड झाला. दुसरा आला, त्यानंही मान डोलावली. एकालाही कव्हर काढून आत डोकवावंसं वाटलं नाही, याची नलिनीला चीड आली.

मनीष भुकूमला लग्नाला गेला त्या दिवशी तिनं पौडच्या बाबालालभाई मेकॅनिकना बोलावलं.

त्यांनी कव्हर काढलं. कॉइलच्या तोंडाशी नरसाळ्याएवढा पितळी तुकडा होता. त्यातून तांब्याच्या बारीक नळ्या कॉइलच्या एकेका रांगेत गेल्या होत्या.

"वहिनी, ह्यो डिस्ट्रिब्युटर उभा पायजे. हितं वाफ आन् पान्यावानी पातळ गॅस मिसळून येतो. आडवा ठिवला की पातळ सगळा खालच्या नळ्यांत, वर नुसती वाफ. तिनं काय गार हुणार?"

"मग आडवा का केलाय?"

"वरच्या फळीला अडत आसंल."

फळी मनीषनं ठोकून घेतली होती, पाहुण्यांच्या सोड्याच्या बाटल्या गार करायला. नलिनीनं बाटल्या उतरवल्या, हातोडी आणली आणि फळी उचकटून काढली. बाबालालभाईंनी गॅस काढून घेतला, तुकडा उभा करून जोड भरला आणि गॅस पुन्हा सोडला. संध्याकाळपर्यंत कॉइलवर वरपासून खालपर्यंत सारखा पातळ बर्फ धरला.

मनीष आला, आत बघून खूश झाला. तिनं फळीचं आणि आडव्या डिस्ट्रिब्युटरचं सांगितलं.

"म्या बसवताना म्हनलं हुतं, उभा ठेवा," तो म्हणाला. "पर ऐकतंय कोण?"

"व्हय. लई अक्कल तुमाला."

त्याला ते कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी तो शेजाऱ्याला डिस्ट्रिब्युटर समजावत होता. नलिनीनं कोल्डरूमला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि टेम्पो भरायला गेली.