मिरचीच्या वखारीतला वाचक

मोतीशेठ गेल्याचं मला शहाद्याच्या बाजारात कळलं. केळीवाल्यानं सहज सांगितलं, "मास्तर, तुमना मिरचीवाला शेठ गया ना..." आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "अहो, असे कसे जातील? माझ्या पुस्तकाबद्दल बोलायचंय अजून त्यांना!" महिना उलटला, पण ते आठवलं की रडावं की हसावं कळत नाही.

नंदुरबारात त्यांची लाल मिरचीची वखार. ढिगापाशी बैठक मारायची, मिरचीचे देठ मोडता मोडता वाचनालयाचं पुस्तक वाचायचं, हा रोजचा कार्यक्रम. घरी वाचलं की झोप येते म्हणायचे. पान उलटायचं तेही मिरचीच्याच बोटांनी! त्यामुळे शेठनी वाचलेलं पुस्तक गावात लगेच ओळखू यायचं, वाचणारा शिंकायचा. पुस्तक त्यांना आवडलं असेल तर शेवटपर्यंत शिंका. मध्येच शिंका थांबल्या, की समजावं, शेठ इथं कंटाळले. ग्रंथपाल बिचारे नाकाला उपरणं लावून पुस्तकं परत घ्यायचे.

मतं मात्र मागायच्या आत मिळायची. एका कादंबरीची नायिका प्रकरणामागून प्रकरण रडत होती, तर म्हणाले, "मास्तर, ती बाई इतली रडी ऱ्हायनी, तिले कोनी जेवाले इचारं का?" एका जाडजूड चरित्राबद्दल, "मानूस चांगला व्हता. लिखनारानी त्याले बोलूच नही दिन्हं." आणि पाककृतींच्या एका पुस्तकात भाजीभाजीला चिमूटभरच तिखट पाहून तर ते दिवसभर कोणाशी धड बोलले नाहीत.

अशा माणसाला मी माझी पहिली कादंबरी दिली. काय अवदसा आठवली कोण जाणे! बाकी गाव वा वा करत होतं, पण मला हवं होतं ते यांचं मत. मैत्रीपोटी खोटं बोलले तर दोस्ती गेली, खरं बोलले तर मी गेलो, अशी माझी गत. पुस्तक वखारीत गेलं आणि थोड्याच दिवसांत शेठनी अंथरूण धरलं. भेटायला गेलो, तर वैद्यांनी बोलायची बंदी केलेली. तरी माझा चेहरा पाहून मिश्कील हसले. "बरा हुयनू का सांगसू..." एवढंच.

परवा शेठच्या घरून वहिनींचा निरोप आला, तुमचं पुस्तक घेऊन जा. ओसरीवरच उघडलं. पहिल्याच पानाला शिंक! जीव भांड्यात पडला. वाचत, शिंकत पुढे गेलो. मध्यावर नायकाच्या वडिलांचं लांबलचक भाषण आहे, माझं फार लाडकं. तिथं शिंक नाही. पान उलटलं, नाही. नाक अगदी कागदाला लावलं... स्वच्छ! शेठनी अख्खं भाषण ओलांडलं होतं. लबाड कुठले! भाषण संपलं आणि शिंका पुन्हा सुरू झाल्या, त्या थेट शेवटच्या ओळीपर्यंत.

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. माझं नाक, डोळे, सगळंच वाहत होतं. "मिरची शे ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. शेठ आता नाहीत, हे मला तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं.

"आना इकडे, उनमा ठेईसन झटकी देस," म्हणत त्यांनी हात पुढे केला.

"नको, वहिनी," म्हटलं आणि पुस्तक छातीशी धरून घरी आणलं. दुसरी आवृत्ती निघालीच, तर ते भाषण काढून टाकणार आहे. ही प्रत मात्र कोणी झटकायची नाही.