ताटावर थांबलेले मामा

दत्तरावमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळमनुरीत साखरपुड्याचा मंडप बांधत होतो. शिडीवरून खाली आलो तर जो तो मलाच विचारतोय, "खरं हाय का?" कारण मामांबद्दलच्या खोट्या बातम्या आजवर मीच उठवल्या होत्या. एसटीच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त झालेला हा माणूस एका बैठकीत अख्खी शेळी संपवतो, ही अफवा माझीच. प्रत्यक्षात मामा शुगरची गोळी घेऊन दीड भाकरीवर हात धुवायचे.

वारंगा फाट्याजवळच्या आमच्या गावात आम्ही चार-पाच उतारवयाच्या लोकांनी एक उद्योग आरंभला होता. वाया जाऊ लागलेलं एकेक पोरगं एकेकानं धरायचं आणि त्याच्या मागं राहायचं. ना बोर्ड, ना पावती. मी उपदेश करायचो, पण लाउडस्पीकरच्या धंद्यामुळं माझा आवाज असा चढायचा की पोरं नांदेडपर्यंत पळायची. मामांची तऱ्हा वेगळी. ते आधी सांगून पोराच्या घरी जेवायला जायचे आणि पोरगं शेजारी येऊन बसल्याशिवाय घास उचलायचे नाहीत. "मी तुझा पाहुणा, तुझ्या आईचा न्हाई," म्हणायचे. पाहुणा ताटावर खोळंबलाय म्हटल्यावर घरचे पोराला पाताळातूनही हुडकून आणत.

मामांनी धरलेला अल्ताफ तेव्हा सतरा वर्षांचा. वडील नाहीत, आई रशीदाभाभी गोधड्या शिवायची. फाट्यावर उभ्या ट्रकांतून डिझेल काढणारी टोळी त्याला पहिल्यांदाच सोबत नेणार होती. एकदा हात काळे झाले की हे पोरगं परत यायचं नाही, हे आम्हाला कळत होतं. मामांनी नेमकी तीच संध्याकाळ धरली. मीही होतो, पण माझं जेवून झालं होतं... असले नेम मला झेपत नाहीत. पिठलं असं थिजलं की त्यावरून ट्रॅक्टर गेला असता. भाभी म्हणाली, "भाई, शुगर की गोली ली है, दो घास खा लो, तुमचे हात थरथरून राहिले." मामा ताटाला हात लावेनात. शेवटी ती अनवाणी फाट्यावर गेली आणि टोळीच्या सुरू झालेल्या जीपच्या खिडकीशी उभी राहून एवढंच म्हणाली, "मामा भूके बैठे हैं."

अल्ताफ आला तो फणफणतच. "जेवा ना मामा, काहून माझा जीव खाऊन राहिले?"

"जीव न्हाई रे, भाकर खायचीय. बस."

मग त्याचं लक्ष मामांच्या बोटांकडं गेलं. तो बसला, भाकर मोडली आणि पहिला तुकडा मामांच्या हातात दिला. त्याच्या मागं आलेल्या जीपनं बाहेर हॉर्न वाजवला, ती थोडी थांबली... आणि गेली.

त्या एका जेवणानं पोरगं साधू झालं असं मी गावभर सांगितलं, ते खोटं. टोळीनं पुन्हा बोलावलं. त्या दिवशीही मामा जेवायला हजर. टोळीनं वार बदलला, मामांनीही बदलला. त्यांना वार कळायचा कसा, याचं मला नवल वाटायचं. तर अल्ताफच गुपचूप येऊन सांगायचा, "मामा, आता मंगळवारी या." शेवटी टोळीनंच त्याचा नाद सोडला. सदा घरी पाहुणा असलेला चोर त्यांना परवडेना. आज तो फाट्यावरच्या गॅरेजात ट्रकांचे ब्रेक दुरुस्त करतो.

मामा गेले तेव्हा त्यांच्याकडं आणखी एक पोरगं होतं, गणेश. त्याला कोण धरणार, हे आम्हा म्हाताऱ्यांत ठरेना. गेल्या आठवड्यात संध्याकाळी त्याच्या घरावरून जात होतो. ओसरीवर वाढलेलं ताट, दारात गणेशची आई हवालदिल, आणि ताटासमोर मांडी घालून, ऑइलनं माखलेल्या शर्टात अल्ताफ. त्याच्या पोटातली गुरगुर मला गाडीवर ऐकू आली.

"काका, जेव म्हणू नका," तो म्हणाला.

"तुला शुगर तर न्हाई ना रे?"

"न्हाई," रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "भूक लई हाय."